गिअरची मोटरसायकल शिकताना : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर दुचाकीविषयीची पत्रं वाढतातच. या वेळी त्यांत नव्याने शिकणाऱ्यांची पत्रं बरीच आहेत आणि बहुतेकांची अडचण एकच आहे : गाडी पळते, पण हळू चालत नाही. मुंबईत ताशी पाच ते पंधरा किलोमीटर हाच वेग सर्वांत जास्त वाट्याला येतो. तो साधला नाही तर बाकीचं कौशल्य इथे फारसं कामाला येत नाही. म्हणून क्लचच्या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि त्याला जागाही सर्वांत जास्त देतो.

प्रश्न : मी बरीच वर्षं स्कूटर चालवते. आता भावाची १२५ सीसीची मोटरसायकल शिकतेय. क्लच सोडला की गाडी गचका खाऊन बंद पडते, नाहीतर उडी मारून पुढे जाते. माझं कुठे चुकतंय?
— एक वाचक, चेंबूर

स्कूटरवर उजवी मूठ पिळली की गाडी निघते. हाताला तीच सवय आहे, म्हणून क्लच सोडण्याआधी तुम्ही रेस देत असणार किंवा घाबरून रेस अजिबात न देता क्लच एकदम सोडत असणार. मोटरसायकल उभी असताना तिला हलवतो तो डावा हात. उजवा हात फक्त साथ देतो. हे एकदा पटलं की निम्मं काम झालं.

आत काय होतं ते पाहा. क्लचमध्ये घर्षणाच्या आणि धातूच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात. लिव्हर दाबली की त्या सुट्या होतात, म्हणजे इंजिन फिरतं पण चाकाकडे काहीच जात नाही. लिव्हर सोडत नेली की त्या आधी घासतात आणि मग घट्ट चिकटतात. उभ्या गाडीचं चाक फिरत नसतं आणि इंजिन मिनिटाला साधारण चौदाशे फेरे घेत असतं. प्लेटा एकदम चिकटल्या की ते थांबलेलं चाक इंजिनाला खाली ओढतं आणि गाडी बंद पडते. रेस जास्त असेल तर इंजिन जिंकतं आणि गाडी उडी मारते. मधला जो घासण्याचा टप्पा आहे, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो, तो लिव्हरच्या सगळ्या चालीत जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा असतो. तेवढा तो बोटांना ओळखता यायला हवा.

त्यासाठी सपाट जागी गाडी चालू करा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवा आणि पहिला गिअर टाका. उजव्या मुठीला हात लावायचा नाही. क्लच इतका सावकाश सोडा की इंजिनाचा आवाज किंचित खाली बसलेला ऐकू येईल आणि गाडी पुढे जायला बघतेय असं जाणवेल. तिथेच हात थांबवा, एक-दोन सेकंद धरा, पुन्हा दाबा. गाडी वीतभर पुढे गेली तर पायांनी मागे घ्या. हे वीस-पंचवीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

मग पुढची पायरी. तसंच रेस न देता, त्या घासणाऱ्या जागी हात स्थिर ठेवून गाडी तिच्या दोन लांब्यांइतकी सरकू द्या आणि उरलेला क्लच त्यानंतर सोडा. नव्या माणसाची नव्वद टक्के गडबड इथे होते. गाडी हलली की हात सैल पडतो आणि उरलेला क्लच एकदम सुटतो. गाडी हलली म्हणजे प्लेटा चिकटल्या असं नाही. चाकाने इंजिनाचा वेग गाठेपर्यंत हात धरून ठेवायचा असतो.

हे जमलं की हलकी रेस द्या, पाय फूटरेस्टवर घ्या आणि वीस मीटरचं अंतर जितक्या हळू जाता येईल तितक्या हळू जा. इथे मागचा ब्रेक पायाने किंचित दाबून ठेवा. इंजिन पुढे ढकलतंय आणि ब्रेक मागे धरतोय, या ताणात गाडी तोल धरते. पुढचा ब्रेक या वेळी नको. हँडल वळलेलं असताना तो दाबला गेला की गाडी त्याच बाजूला आडवी होते. नजर चाकासमोर नको, दहा-पंधरा मीटर पुढे असू द्या.

गिअरचं थोडक्यात सांगतो. बहुतेक गाड्यांत पहिला गिअर पंजाने खाली, बाकीचे वर आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये असतो. १०० सीसीच्या काही गाड्यांत मात्र सगळे गिअर एकाच दिशेने पडतात. भावाच्या गाडीचं पुस्तक पाहूनच पाय हलवा. ताशी दहा-पंधराला दुसरा, पंचविसाच्या आसपास तिसरा, पस्तिसाला चौथा एवढा अंदाज १२५ सीसीला पुरतो. न्यूट्रल सापडत नसेल तर गाडी पूर्ण थांबण्याआधी, किंचित सरकत असतानाच दुसऱ्यातून अलगद टिचकी द्या. उभ्या गाडीत आतले दाते अडतात आणि पाय न्यूट्रल ओलांडून जातो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिली चाल असायला हवी. अजिबात नसेल तर क्लच घसरतो : रेस वाढते, गाडी वाढत नाही. फारच ढिली असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत राहते आणि न्यूट्रल सापडता सापडत नाही. असं असताना शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो. लिव्हरजवळच्या केबलवर फिरवायचा ॲडजस्टर असतो. कुठलाही मेकॅनिक दोन मिनिटांत नीट करून देईल. आणि सराव दहा मिनिटं झाला की गाडी बंद करून पाच मिनिटं थांबा. सतत हाफ क्लचवर ठेवलेल्या प्लेटा तापतात. जळका वास आला तर उशीर झालाय असं समजा.

जागेविषयी : सोसायटीचं पार्किंग आम्हाला पसंत नाही. खांब, उतार आणि मध्येच धावत येणारी मुलं, हे तिन्ही तिथे असतं. रविवारी पहाटे बीकेसीतले आतले रस्ते किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या गल्ल्या बऱ्या. लर्निंग लायसन्स खिशात, गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि सोबत लायसन्स असलेला माणूस हवाच. शिकाऊ असताना मागे बसवायचा तो फक्त शिकवणारा. मैत्रिणीला डबलसीट घ्यायला अजून वेळ आहे.

प्रश्न : माझ्याकडे बिनगिअरच्या दुचाकीचं लायसन्स आहे. त्यावर बुलेट चालवली तर चालते का? मित्र म्हणतो, दुचाकी ती दुचाकी.
— एक वाचक, दादर

चालत नाही. लायसन्सवर गिअरच्या आणि बिनगिअरच्या दुचाकीचे वर्ग वेगळे नोंदलेले असतात. बिनगिअरच्या वर्गावर गिअरची गाडी चालवणं म्हणजे त्या गाडीपुरतं विनापरवाना चालवणंच. अपघात झाला तर विमा कंपनी यावर बोट ठेवते, आणि ते पोलिसांच्या दंडापेक्षा कितीतरी महाग पडतं.

परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर नवा वर्ग वाढवण्याचा अर्ज करा. आधी त्या वर्गाचं लर्निंग लायसन्स मिळतं, ते सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की चाचणीची वेळ घेता येते. तुमच्या पत्त्याप्रमाणे ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवलीचं आरटीओ कार्यालय लागेल. चाचणीत इंग्रजी आठच्या आकारात पाय न टेकता फिरवायला सांगतात. वरच्या उत्तरातला हळू चालवण्याचा सराव झाला असेल तर तीत अवघड काही नाही. वळताना नजर आठच्या पुढच्या वळणाकडे ठेवा, इंडिकेटर द्या आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी फार गचके देत असेल तर दुसऱ्यात चालवा.

प्रश्न : बाबा सांगतात, पुढचा ब्रेक लावायचा नाही, उलटशील. गॅरेजवाले म्हणतात दोन्ही लाव. कोणाचं ऐकू?
— कॉलेजमधला एक वाचक, गिरगाव

गॅरेजवाल्याचं ऐका. बाबांची भीतीही निराधार नाही, पण तिचं कारण पुढचा ब्रेक हे नसून तो एकदम आवळणं हे आहे.

ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचं टायर रस्त्यावर जास्त दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं, त्याची पकड कमी होते. म्हणजे नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर ज्या चाकावर वजनच उरलं नाही त्याला आपण थांबवायला सांगतो. ते लॉक होऊन घसरतं. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं दोन तृतीयांशाहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो.

आकडे पाहा, म्हणजे का ते कळेल. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचं दिसून हात हलायला एक सेकंद धरा, ते ११ मीटर गेले. दोन्ही ब्रेक नीट लावले तर कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण १०-११ मीटर लागतात. एकूण बावीस. नुसत्या मागच्या ब्रेकवर ब्रेकचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. आणि वेग ६० असेल तर? विचार करण्यात १७ मीटर, ब्रेकला २४ मीटर, मिळून ४१. वेग दीडपट झाला, पण नुसत्या ब्रेकचं अंतर सव्वादोनपट झालं. हे गणित लक्षात राहिलं तर पुढच्या गाडीला चिकटून चालवण्याचा मोह आपोआप कमी होतो.

लावायचा कसा : दोन बोटांनी, दोन टप्प्यांत. आधी लिव्हरची ढिली चाल संपेपर्यंत हलका दाब द्या, वजन पुढे येऊ द्या, आणि मग दाब वाढवत न्या. या पहिल्या टप्प्याला अर्धा सेकंदही लागत नाही, पण तो गाळला तर पुढचं टायर वजन येण्याआधीच लॉक होतं. घसरून पडणं तिथे होतं. मागचा ब्रेक त्याच वेळी पायाने मध्यम दाबा. क्लच अगदी शेवटी, गाडी बंद पडायच्या आत. मागचं चाक लॉक झालं तर समोर पाहत गाडी सरळ ठेवा आणि पायाचा दाब कमी करा. पुढचं लॉक झालं तर क्षणाचाही विचार न करता लिव्हर सोडा आणि पुन्हा हळू दाबा.

पुढचा ब्रेक खरोखर टाळायचा तो तीन ठिकाणी : हँडल बरंच वळलेलं असताना, वाळू-खडीवर, आणि चालण्याच्या वेगात गाडी फिरवताना.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेकमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, पण चाक लॉक होणं तो थांबवत नाही. एबीएस ते थांबवतं. तेव्हा लिव्हरला धडधड जाणवते. घाबरून हात सोडू नका, दाबून ठेवा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर हा सराव २० च्या वेगाने सुरू करा, मग ३० ला. सरळ, कोरडा, रिकामा रस्ता हवा आणि मागे कोणी नको.

एक सवय मात्र आजच सोडा, असेल तर. उड्डाणपुलावरून उतरताना पेट्रोल वाचतं म्हणून अनेक जण न्यूट्रलवर गाडी सोडतात. गिअरमध्ये मूठ बंद केली की इंजिन गाडीला मागे धरतं, तो इंजिनाचा ब्रेक त्यात हातचा जातो. शिवाय हल्लीच्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना मूठ बंद केली की इंधन जवळजवळ थांबतंच. वाचत काहीच नाही.

प्रश्न : उंची पाच फूट एक इंच. मोठ्या मोटरसायकलवर दोन्ही पाय टेकत नाहीत. मी शिकावं की नाही?
— एक वाचक, मुलुंड

शिकावं. दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत असं नाही. सिग्नलला थांबताना तसंही उजवा पाय ब्रेकवर आणि डावा जमिनीवर असतो. डाव्या पायाचा पुढचा अर्धा तळवा नीट टेकला तरी गाडी सांभाळता येते. थांबायच्या शेवटच्या हातभर अंतरात शरीर किंचित डावीकडे सरकवा, म्हणजे तो पाय आणखी खाली पोचतो.

पण शिकण्यापुरती गाडी हलकी निवडा. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच आहे आणि वजन साधारण ११२ किलो. क्लासिक ३५० ची सीट त्याहून फक्त २० मिलिमीटर उंच, पण वजन सुमारे १९५ किलो. उंचीतला फरक दोन बोटांचा आहे, वजनातला ८० किलोंहून जास्त. नव्या माणसाला गाडी पाडते ती उंची नव्हे, कललेलं वजन. सीटची रुंदीही बघा. पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातो, रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तीच उंची जास्त वाटते. सीटचा फोम थोडा कापून घेणं चालेल. सस्पेन्शन खाली करून घेऊ नका, वळताना स्टँड आणि फूटरेस्ट रस्त्याला लागतात.

पडलेली गाडी उचलायची पद्धत पहिल्याच दिवशी शिकून घ्या. आधी किल्लीने इंजिन बंद करा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे पडेल. गाडीकडे पाठ करून खाली बसा, एका हाताने खालच्या बाजूला आलेलं हँडलचं टोक आणि दुसऱ्याने सीटमागची ग्रॅबरेल धरा, कंबर सीटला टेकवा आणि लहान पावलं टाकत पायांच्या जोराने मागे ढकला. वाकून हातांनी उचलायला जाऊ नका, पाठ धरेल.

ओढणी आणि साडीचा पदर यांची गाठ मागे मारून खोचा. चेन उघडी असलेल्या गाड्यांवर तर विशेष जपा.

प्रश्न : जूनमध्ये शिकायला सुरुवात करावी की ऑक्टोबरपर्यंत थांबावं? आणि पाणी तुंबलं तर काय करायचं?
— एक वाचक, सायन

क्लच आणि ब्रेक कोरड्यात शिका. ते हाताला बसले की मग पावसात मुद्दाम सराव करा. मुंबईत वर्षातले चार महिने पाऊस असतो. पावसात कधीच न चालवलेला माणूस जुलैच्या एखाद्या संध्याकाळी घरी परतताना अडकतो, आणि ती वेळ काही शिकण्याची नसते.

सर्वांत घसरडा असतो तो पहिला पाऊस. महिनोन्‌महिने साठलेलं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगून वर येते. जोराची सर अर्धा-एक तास पडली की रस्ता धुतला जातो आणि पकड सुधारते. त्यामुळे रिमझिमीत जास्त जपायचं. झेब्रा पट्ट्यांचा रंग, मॅनहोलची झाकणं, मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, पुलाचे लोखंडी जोड आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, यांवर ओल्यात पकड जवळजवळ नसतेच. त्या ओलांडताना गाडी सरळ उभी हवी. ब्रेक नको, रेस वाढवणं-कमी करणं नको आणि वळणं तर नकोच. जे काही करायचं ते त्यांच्या आधी किंवा नंतर. सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधली लांबलचक फट टायरला आपल्यात ओढते. ती तिरकी न घेता शक्य तेवढ्या काटकोनात ओलांडा.

थांबायचं अंतर दीडपट ते दुप्पट धरा. टायरची हवा कमी करू नका. पकड वाढते हा गैरसमज आहे, उलट टायरच्या खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जात नाही. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे उंचवटे असतात. झिजून रबर त्यांच्या बरोबरीला आलं असेल तर पावसाआधीच टायर बदला. आणि अंगावर पँट-जॅकेटचा रेनकोट घाला. झगा वाऱ्याने उडून चाकात जातो.

तुंबलेल्या पाण्याविषयी आमचं मत ठाम आहे : नव्या माणसाने त्यात शिरूच नये. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पुढचा गेला म्हणून मागचा जातो. पाण्याखालचा रस्ता दिसत नाही. खड्डा कुठे, झाकण जागेवर आहे की नाही, कळायला मार्ग नाही. चाकाच्या मधल्या आसापर्यंत पाणी असेल तर गाडी वळवा. चुकून आत सापडलात तर पहिला गिअर, रेस एकसारखी चढी, हाफ क्लच, आणि मध्ये थांबायचं नाही. गाडी बंद पडलीच तर सेल्फ मारू नका, किकही नको. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा. मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढेल, मगच चालू करेल. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, विशेषतः ड्रम ब्रेक असतील तर. ते कोरडे होईपर्यंत लागतच नाहीत.

आणि कृपा करून पाऊस आला म्हणून उड्डाणपुलाखाली भर लेनमध्ये थांबू नका. मागून येणाऱ्या डंपरला काचेवरच्या पाण्यातून तुमचा मागचा दिवा दिसेलच याची खात्री नाही.

प्रश्न : पूल चढताना ट्रॅफिक थांबलं की माझी गाडी मागे सरकते. मागे नेहमी कोणीतरी अगदी चिकटून असतं.
— एक वाचक, घाटकोपर

मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबून धरा, डावा पाय खाली. क्लच घासण्याच्या जागेपर्यंत सोडा. गाडीचं नाक किंचित वर-खाली झालेलं जाणवेल. सपाटीपेक्षा थोडी जास्त रेस द्या आणि त्यानंतर पाय ब्रेकवरून काढा. नवे लोक आधी ब्रेक सोडतात आणि मग क्लच शोधतात, तेवढ्यात गाडी मागे येते. थांबून राहताना गाडी क्लचवर तोलून धरू नका, ब्रेकवर धरा. असल्फाच्या चढावर किंवा पेडर रोडला अर्धा तास असं क्लचवर उभं राहिलं तर प्लेटा खराब व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : गोरेगावहून फोर्टला ऑफिस. शिकून महिना झाला. रोज गाडीने जाऊ का?

इतक्यात नको. आधी एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला तोच रस्ता जाऊन या, मग कामाच्या दिवशी सकाळी आठच्या आत, आणि गर्दीची वेळ सगळ्यांत शेवटी. रस्ता ओळखीचा झाला की डोळे वाहनांकडे पाहायला मोकळे होतात.

वाटेवर कुठे दुचाकीला मनाई आहे ते आधीच पाठ करा. मोबाइलचा नकाशा गाडीच्या मोडवर असेल तर तो तुम्हाला थेट तिथेच नेतो. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, जे. जे. उड्डाणपूल आणि अटल सेतू, या पाचही ठिकाणी दुचाकी चालत नाही. म्हणजे तुम्हाला माहीम कॉजवेवरून यायचं आहे आणि जे. जे. पुलाखालून मोहम्मद अली रोडने जायचं आहे. कधी पुण्याला निघालात तर द्रुतगती मार्ग नाही, खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता.

बस आणि फुटपाथ यांच्यामधली जागा कितीही मोकळी दिसली तरी घेऊ नका. बेस्टची बस स्टॉपच्या अलीकडे सिग्नलला थांबली तरी लोक उतरतात. बसच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. रिक्षाच्या इंडिकेटरवर विसंबू नका, पुढच्या चाकाकडे बघा. वळायच्या आधी ते चाक हलतं. माहीमच्या पुढे रिक्षा संपतात आणि टॅक्सी सुरू होतात. टॅक्सीचं डावं दार कुठेही उघडतं. उभ्या गाड्यांपासून किमान एक मीटर अंतर ठेवा. दोन गाड्यांच्या फटीतून घुसणं पहिल्या काही महिन्यांत अजिबात नको, आणि नंतरही वाहतूक थांबलेली किंवा सरपटत असेल तेव्हाच.

सिग्नलला थांबल्यावर मागची गाडी पूर्ण थांबेपर्यंत पहिल्या गिअरमध्येच राहा, आरशात पाहत. ती थांबली की मग न्यूट्रल.

प्रश्न : हेल्मेटवर किती खर्च करावा?

किमतीपेक्षा माप महत्त्वाचं. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. डोकं हलवलं की हेल्मेटही सोबत हलावं, मागे राहू नये. हनुवटीचा पट्टा लावून मागून वर ढकलून पाहा. निघालं तर एक माप लहान घ्या. पूर्ण तोंड झाकणारं घ्या, कारण पडताना हनुवटी आपटते. काच पारदर्शक घ्या. काळी काच संध्याकाळच्या पावसात काही उपयोगाची नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला, आतला थर्माकोलचा थर एकदाच दबतो. जून २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं केलं आहे, तेव्हा दुसऱ्याचाही खर्च धरा.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर मोटरसायकल शिकवली तर हरकत आहे का?
— एक पालक, बोरिवली

आहे. सोळाव्या वर्षी कायदा पालकांच्या संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीला परवानगी देतो. गिअरच्या मोटरसायकलला अठरा पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे पालक किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मागचा रस्ता हाही सार्वजनिक रस्ताच आहे. तोवर त्याला सायकल रस्त्यावर चालवू द्या : मान वळवून मागे बघणं, हात दाखवणं, दारांपासून अंतर ठेवणं. या सवयी जशाच्या तशा मोटरसायकलवर येतात.

प्रश्न : शिकण्यासाठी जुनी गाडी घ्यायचीय. काय तपासू?
— एक वाचक, परळ

जुनी घेण्याचा विचार आम्हाला पटतो. पहिल्या काही महिन्यांत ती आडवी होणारच, लिव्हर वाकणारच. लेग गार्ड असलेली घ्या.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन आधी चालू करू नका असं मालकाला सांगून ठेवा. गार इंजिन एक-दोन प्रयत्नांत चालू व्हायला हवं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. डबल स्टँडवर उभी करून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा. मध्ये खाच लागल्यासारखं अडलं तर आतले बेअरिंग गेले आहेत किंवा गाडी समोरून ठोकलेली आहे. पुढच्या शॉकच्या नळ्यांवर तेलाची ओल आहे का पाहा. चेन खालच्या बाजूला मध्यावर बोटाने वर-खाली करा, साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या चक्रांचे, दाते माशाच्या गळासारखे वाकलेले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलावे लागतील, तेवढे पैसे किमतीतून कापा. घेतल्यावर हवा पुस्तकाप्रमाणे भरा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना एकट्याने चालवताना साधारण पुढे २५ आणि मागे २८-२९ पीएसआय, डबलसीट असताना मागे थोडी जास्त लागते. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल द्या, पावसात त्याहून लवकर.

कागद : आरसी मालकाच्याच नावावर आहे का, कर्जाची नोंद उतरवलेली आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का हे पाहा. गाडीच्या क्रमांकावर किती ई-चलन थकली आहेत ते वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक संकेतस्थळावर दिसतं. ती मालकाने भरल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या, आणि आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत त्याचा फोन नंबर जपून ठेवा.